गार दहा मिनिटांची, तयारी वर्षाची



आजचा विषय बर्फाचा आहे. तुम्ही म्हणाल, ताथवड्यात कुठला आलाय बर्फ? आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे शेकोटी आणि दुपारी डोक्यावर पदर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की ती पेपरात बातमी होते. खरं आहे. हिमाचलात, काश्मिरात पडतो तसा भुरभुर बर्फ आपल्याकडे पडत नाही. पण आभाळातून बर्फ आपल्याकडंही येतो. त्याला आपण गारा म्हणतो.

हिमाचलातल्या बाईला ठाऊक असतं की दर वर्षी बर्फ पडणार. तिच्या घराचं छप्पर उतरतं असतं, लाकूडफाटा भरून ठेवलेला असतो, जनावरांची वैरण आत घेतलेली असते. तिथं ती रीतच आहे. आपल्याकडे गार पडते कधी चार वर्षांनी, कधी सलग दोन वर्षं, कधी शेजारच्या गावात आणि आपल्याकडं नाहीच. त्यामुळं आपल्याला रीत नाही. जे क्वचित येतं, त्याची तयारी कुणी करत नाही, आणि म्हणून ते आलं की जास्त नुकसान करून जातं. आज आपण ही रीत कशी बसवायची ते बोलू. त्यातही बायकांचं नुकसान कागदावर का येत नाही आणि ते कसं आणायचं, यावर मी जास्त बोलणार आहे.

आधी २०१४ सालची आठवण करू. फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चचा पहिला पंधरवडा. मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र, सोलापूरकडचा भाग, सगळीकडं गारा पडल्या. एक दिवस नाही, पुन्हा पुन्हा पडल्या. काही गावांत शेतं पांढरी झाली आणि गारांचा थर जमिनीवर तसाच राहिला. गहू, हरभरा, ज्वारी काढणीला आली होती. द्राक्षं, डाळिंबं, कांदा, आंब्याचा मोहोर, सगळ्यांची गत तीच. हातातोंडाशी आलेला घास गेला. माणसं दगावली, गुरं आणि शेळ्या-मेंढ्या मेल्या, रानातले पक्षी झाडाखाली पडले. त्याच्या आधी लोक दुष्काळाशी झगडत होते. म्हणजे पाणी नव्हतं तेव्हाही मार, आणि आलं तेव्हाही मार.

आता गार होते कशी, हे थोडक्यात. फेब्रुवारी ते मे जमीन तापते. खालची गरम हवा वर चढते. समुद्राकडून ओलसर वारं आलेलं असतं. वर, चार-पाच किलोमीटरच्या पुढं, हवा इतकी थंड असते की पाणी गोठतं. गरम हवेचा झोत जोरात वर गेला की ढग उंचच उंच वाढतो. त्या ढगात पाण्याचा थेंब वर जाऊन गोठतो, त्यावर आणखी पाणी बसतं, तेही गोठतं. असे थर चढत जातात. गार कापून पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, ते याचमुळं. खालचा झोत तिला पेलू शकेनासा झाला की ती खाली येते. जितका झोत जोराचा, तितकी गार मोठी. ऐन पावसाळ्यात आपल्याकडं गार सहसा पडत नाही, कारण तेव्हा वर चढणारी हवा इतक्या जोराची नसते आणि गोठलेलं खाली येईपर्यंत विरघळून जातं.

यातून दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक, धोक्याचे महिने ठरलेले आहेत: फेब्रुवारी ते मे. दोन, वेळ बहुतेक दुपारनंतरची, तीन ते सात. सकाळपासून अंगाला चिकटणारा उकाडा, दुपारी फुलकोबीसारखा वाढत जाणारा ढग, त्याचा बुंधा काळा, मग एकदम थंड वाऱ्याचा झोत आणि धूळ. एवढं दिसलं की मळ्यात ‘एवढी सरी उरकते’ म्हणत थांबायचं नाही.

गारेला हलकं समजू नका. १८८८ सालच्या ३० एप्रिलला उत्तर प्रदेशात मुरादाबादला गारपिटीनं २४६ माणसं मेली. एका गारपिटीत इतकी माणसं गेल्याची जगातली हीच सगळ्यात मोठी नोंद मानली जाते.

आता तयारी. मी पैशाची मोठी कामं सांगत नाही. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेला गारपिटीची जाळी लावतात, ती चांगली, पण खर्चिक. आपल्या परसातल्या वाफ्यावर बांबू उभे करून शेडनेटचा तुकडा ताणला तरी मिरची-टोमॅटोची रोपं बरीच वाचतात.

पहिलं, इशारा. हवामान खात्याचा इशारा रंगात येतो. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. फोनवर ‘मौसम’ आणि शेतीसाठी ‘मेघदूत’ ही ॲप आहेत. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप तर आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या संस्थेनं केलेलं आहे. गटात दहा बायका असतील तर दहाजणींनी ॲप बघायची गरज नाही. दोघींनी बघायचं आणि बाकीच्यांना फोन लावायचा. ज्या ताईकडे फोन नाही, तिच्या शेजारणीवर ती जबाबदारी. नावं ठरवून वहीत लिहा. ‘कुणीतरी सांगेल’ म्हटलं की कुणीच सांगत नाही.

दुसरं, छप्पर. आपल्याकडं कितीतरी खोल्यांवर पत्रे आहेत. गावात आहेत आणि कंपन्यांच्या आसपास भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबांच्याही आहेत. वाऱ्यानं उडू नये म्हणून पत्र्यावर दगड ठेवायची सवय आहे. मैत्रिणींनो, ते दगड आजच उतरवा. वादळात पत्रा उचलला की दगड आत झोपलेल्या लेकराच्या अंगावर येतो. पत्रा हुकानं आणि नटानं वाशाला आवळून घ्या. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर मोठी गार तो फोडून आत येऊ शकते, हेही लक्षात ठेवा.

तिसरं, काढलेला माल आणि वाळवण. फेब्रुवारी ते मे हेच आपल्या कुरडया, पापड, सांडगे, हळद, मिरची वाळवायचे दिवस. हीच कितीतरी गटांची कमाई. केशरी इशारा असेल त्या दिवशी दुपारनंतर वाळवण अंगणात पसरू नका, आणि पसरलंच तर घरात एक माणूस हवं. काढलेला हरभरा, गहू, कांदा शेतात उघड्यावर ठेवायची वेळ आली तर ताडपत्री आधीच शेतात नेऊन ठेवा. ती घरी कपाटावर असेल तर उपयोग नाही. गटानं मिळून दोन मोठ्या ताडपत्र्या घेतल्या तर त्या सगळ्यांच्या कामाला येतील.

चौथं, जनावरं. शेळ्या, करडं, कोंबड्या, गाय. शेळी गारेनं मरते तशी गारठ्यानंही मरते. दुपारनंतर आभाळ भरलं की शेळ्या लांब चरायला सोडू नका. गोठ्यात कोरडी वैरण आणि चार गोणपाटं बाजूला ठेवा.

आता गार पडत असताना काय करायचं. यात चूक झाली तर जीव जातो, म्हणून दोन खऱ्या घटना सांगते.

२०२३ सालच्या ९ एप्रिलला अकोला जिल्ह्यातल्या पारस गावी संध्याकाळी वादळी पाऊस आला. देवळाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली लोक उभे राहिले. शेजारचं मोठं लिंबाचं झाड शेडवर कोसळलं. सातजण गेले. त्यानंतर आठच दिवसांनी, १७ एप्रिलला, आपल्या अगदी जवळ, रावेत-किवळ्याला महामार्गाच्या कडेला लोक वादळ आलं म्हणून आडोशाला थांबले. वरचं लोखंडी होर्डिंग खाली आलं. पाचजण गेले, त्यात चार बायका होत्या. या माणसांचं काय चुकलं? काहीच नाही. पावसात माणूस आडोसा शोधणारच. म्हणून कुठला आडोसा धरायचा आणि कुठला नाही, हे आधीच डोक्यात पक्कं हवं.

झाडाखाली नाही. होर्डिंगखाली नाही. विजेच्या खांबाजवळ, जुन्या भिंतीला टेकून, झाडाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये नाही. पक्की इमारत, पक्क्या छताचं दुकान, शाळा, देवळाचा दगडी गाभारा, महामार्गाखालचा भुयारी रस्ता पाण्यानं भरलेला नसेल तर तो, असं काहीतरी गाठा. दुचाकीवर असाल तर हेल्मेट डोक्यावरून काढू नका. गाडी बाजूला घ्या आणि आडोसा धरा. रानात अडकलात आणि जवळ काहीच नसेल तर घमेलं, पाटी, पाण्याची रिकामी कळशी, जे हाताला येईल ते डोक्यावर उपडं धरा, झाडापासून लांब खोलगट जागी उकिडव्या बसा. विजा कडाडत असतील तर धातूचं सोडून प्लास्टिकचं किंवा वेताचं धरा.

घरी पत्र्याची खोली असेल तर पोरांना घेऊन लाकडी खाटेखाली किंवा टेबलाखाली जा. खिडकीपाशी उभं राहून बघू नका. आणि एक गोष्ट प्रत्येक घरात होते: पहिल्या गारा टपटपल्या की पोरं वेचायला धावतात. आपणही लहानपणी धावलोय. पण पहिली गार हरभऱ्याएवढी असते आणि मागून लिंबाएवढी येते. विजाही तेव्हाच पडतात. पोरांना सांगा, गार थांबली, आभाळ शांत झालं की वेचा. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज जवळ आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

गार थांबली. आता पहिलं काम माणसांची आणि जनावरांची विचारपूस. कुणाला लागलं असेल तर १०८, आणि मोठं संकट असेल तर ११२ किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७. भिजलेली शेळी, करडू गोणपाटानं चोळून कोरडं करा, वाऱ्यातून आत घ्या, कोमट गूळपाणी पाजा. जनावराला मार लागला असेल तर १९६२ वर पशुवैद्यकीय मदत मागा.

पिकात साचलेलं पाणी चर काढून बाहेर सोडा. मोडलेल्या फांद्या, फुटलेली फळं गोळा करून बाहेर टाका, कारण जखमेतून बुरशी शिरते. मार लागलेला कांदा चांगल्या कांद्यात मिसळून चाळीत भरू नका, तो बाकीच्यांना घेऊन सडतो. तो वेगळा काढा आणि लवकर विका. औषध कुठलं आणि किती मारायचं ते कृषी सहायकांना विचारून मारा.

पण थांबा. हे आवरायच्या आधी एक काम राहिलं. फोटो. शेत साफ करण्याआधी, मेलेली शेळी पुरण्याआधी, उडालेला पत्रा परत बसवण्याआधी फोटो काढा. लांबून एक, जवळून एक, आणि फोटोत घरातलं माणूस किंवा विहीर, बांध असं ओळखू येणारं काहीतरी असू द्या.

आता येते ती गोष्ट जी मला तुमच्याशी मुद्दाम बोलायची आहे. पंचनामा होतो तेव्हा तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात. महापालिकेच्या हद्दीत असलो तरी शेतीचा सातबारा आहे तोवर तलाठी आहेच. आपलं ताथवडे २००९ साली महापालिकेत गेलं, म्हणून रानातली भाजी काही रानाबाहेर गेली नाही. तर ही मंडळी आली की घरातला पुरुष बांधावर जातो, सातबारा दाखवतो, गहू किती, कांदा किती ते सांगतो. आपण चुलीपाशी चहा टाकत असतो. आणि कागदावर काय येतं? सातबाऱ्यावरचं पीक. परसातला भाजीचा वाफा येत नाही. चार शेळ्या कुणी सांगितल्या नाहीत तर त्या येत नाहीत. दुसऱ्याचं रान वाट्यानं करणाऱ्या बाईचं तर नावच येत नाही.

वाळवणाला आणि परसातल्या वाफ्याला सरकारी मदत मिळेलच असं मी सांगत नाही. पण ज्याला मिळते तेही आपण न बोलल्यानं जातं. पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तर आपत्तीची मदत मिळते. २०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती. जनावरांसाठी २०२२ ते २०२६ या काळाचे दर असे ठरले होते: दुभती गाय किंवा म्हैस ३७,५०० रुपये, शेळी किंवा मेंढी ४,००० रुपये. घराची पडझड १५ टक्क्यांच्या वर असेल तर त्यालाही मदत आहे. पण मेलेल्या जनावराची पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून तपासणी आणि पंचनामा लागतो. आधीच पुरून टाकलं तर हातात काही राहत नाही. आणि जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला नसेल तर प्रकरण अडतं. बिल्ला सरकारी दवाखान्यातून मारून मिळतो. शेळ्या तुम्ही पाळता, मग बिल्ल्याच्या नोंदीत नाव तुमचं का नको?

म्हणून चार कामं करा. एक, पंचनाम्याच्या वेळी बांधावर स्वतः हजर राहा आणि आपल्या तोंडानं नुकसान सांगा. काय लिहिलं ते वाचून दाखवा म्हणा, मगच सही किंवा अंगठा. दोन, ई-पीक पाहणी दर हंगामाला करा. रानात काय उभं होतं याची नोंदच नसेल तर नुकसान कशाचं सांगणार? घरातल्या शिकलेल्या मुलीकडून फोनवर करून घेता येते. तीन, वाट्यानं किंवा खंडानं रान करत असाल तर मालकाशी हंगाम सुरू होतानाच बोला, की मदत आली तर वाटणी कशी. शक्यतो कागदावर लिहून घ्या. नुकसान झाल्यावर हे बोलणं फार जड जातं. चार, सातबाऱ्यावर आपलं नाव लावा. ‘लक्ष्मी मुक्ती’ म्हणून ओळखली जाणारी सोय १९९२ पासून आहे. नवऱ्यानं संमतीचा अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. नाव लागलं की मदत, कर्ज, विमा, सगळीकडं तुम्हाला विचारावं लागतं.

विम्याबद्दलही सांगते. पंतप्रधान पीक विमा २०१६ पासून आहे. आपल्या राज्यात तो २०२३ मध्ये एक रुपयात झाला आणि २०२५ च्या खरिपापासून ती एक रुपयाची सोय बंद झाली. भरपाई कशावर ठरते, तेही बदललं. फळबागेच्या हवामान आधारित विम्यात गारपिटीसाठी जादा हप्ता भरून वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. तेव्हा मागल्या वर्षी शेजारणीला काय मिळालं यावर जाऊ नका. दर हंगामाला, हप्ता भरण्याआधी, एकच प्रश्न विचारा: ‘यात गारपीट धरली आहे का, आणि झाली तर किती तासांत कुठं कळवायचं?’ उत्तर गटाच्या वहीत लिहून ठेवा.

सरकारी मदत आली तरी ती उद्या येत नाही. मधल्या काळात घर चालवायचं असतं. तेव्हा सावकाराच्या दारात जावं लागू नये, म्हणून गटाच्या बचतीतला थोडा वाटा आपत्तीसाठी बाजूला ठेवा. किती ठेवायचा, गरज पडली तर किती दिवसांत द्यायचा, व्याज घ्यायचं की नाही, हे शांत डोक्यानं आत्ताच ठरवा. गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी मिटिंगमध्ये कुणाचंच डोकं शांत नसतं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. पीक गेल्यावर घरातला माणूस बोलायचा थांबतो, जेवत नाही, रात्री उठून बसतो, ‘आता काय उरलंय’ म्हणतो. त्याला ‘पुरुषासारखा पुरुष असून’ असं बोलू नका. त्याच्याजवळ बसा, कर्जाचा आकडा दोघांनी मिळून कागदावर मांडा, एकट्याला रानात जाऊ देऊ नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा. ‘टेली मानस’ म्हणून सरकारी फोन सेवा आहे, नंबर १४४१६. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि ताई, तुझ्या मनाची हालत तशी असेल तर तो नंबर तुझ्यासाठीही आहे.

पुढच्या मिटिंगला गटाच्या वहीत एक पान यासाठी काढा. इशारा कोण बघणार, कोण कुणाला फोन करणार, ताडपत्री कुणाकडं, कुणाच्या किती शेळ्या आणि त्यांचे बिल्ला नंबर, कुणाचं नाव सातबाऱ्यावर आहे आणि कुणाचं नाही. हे पान होळीच्या आत भरा. यंदा गार पडली नाही तर बरंच झालं, पान वाया जात नाही. पुढच्या वर्षी तेच कामाला येईल.

तुमच्या गटानं हे पान भरलं की आपल्या रेडिओला कळवा. तुमच्या गावची युक्ती दुसऱ्या गावच्या बायकांना सांगू. नमस्कार.